हेड ते टेल

भूगाव सोडलं की पिरंगुटपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडांपेक्षा फलक जास्त. 'डोंगरकुशीत', 'कलेक्टर एनए', 'स्वतंत्र सातबारा', 'ताबा लगेच'. जमिनीविषयी सगळं लिहिलेलं असतं, पाण्याविषयी एक अक्षर नसतं. ते काम टँकर करतात. फाल्गुन संपायचा होता, तरी भुकूमच्या पुढे एका विहिरीपाशी टँकर ओळीनं उभे होते. रामनदी याच डोंगरांतून, खाटपेवाडीच्या बाजूनं निघते आणि बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. म्हणजे नदीच्या उगमाशी घर घ्यायचं आणि पिण्याला टँकर सांगायचा.

मला मुठा नदीच्या पाण्यामागून जायचं होतं. टेमघरला सुरुवात, मग खडकवासला, पुणे शहर, कालवा, मुळा-मुठा, भीमा आणि शेवटी उजनीचा फुगवटा. पाटबंधाऱ्याची माणसं आणि शेतकरी दोघंही कालव्याच्या तोंडाला हेड म्हणतात आणि शेवटाला टेल. हेडचा माणूस पाण्याविषयी फारसा बोलत नाही. टेलचा माणूस दुसरं काही बोलत नाही.

पिरंगुटहून उरवडे, मुठा गाव करत लव्हार्ड्याला पोचलं की टेमघरची दगडी भिंत दिसते. मुठा खोऱ्यातलं हे सगळ्यात वरचं धरण. क्षमता ३.७१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. २०१६ च्या पावसाळ्यात या भिंतीतून वाहणाऱ्या गळतीची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली आणि धरण एकदम प्रसिद्ध झालं. त्यानंतर भिंतीत ग्राउटिंग झालं, पाण्याकडच्या अंगाला काँक्रीटचा थर चढला आणि गळती बरीच आटोक्यात आली. दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं हे धरण आधी रिकामं करायचं आणि इतर धरणं मागं ठेवायची, अशी पद्धत होती. मी गेलो तेव्हा पाणी तळाला गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या लाल मातीत म्हशी चरत होत्या.

शेजारच्या दोन खोऱ्यांत आणखी दोन धरणं आहेत. मोसे नदीवर वरसगाव, १२.८२ टीएमसी. आंबी नदीवर पानशेत, १०.६५ टीएमसी. या तिन्हींचं पाणी खाली खडकवासल्यात उतरतं, आणि खडकवासला स्वतः अवघं १.९७ टीएमसीचं. चारांची बेरीज २९.१५ टीएमसी. पुण्यात पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडणाऱ्या कुणालाही हा आकडा पाठ असतो. तो भरला की शहर सुटकेचा निःश्वास टाकतं, जणू सगळं पाणी शहराचंच आहे. ते तसं नाही. याच चार धरणांवर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांची शेती उभी आहे. पुणे महापालिकेचा जुना करार ११.५ टीएमसीचा होता. प्रत्यक्ष उचल अनेक वर्षं १६ टीएमसीच्या वर राहिली आहे. पाटबंधारे खातं जादा पाण्याचं बिल पाठवतं, महापालिका लोकसंख्येचा आकडा पुढे करते, आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणासमोर तारखा पडतात.

या भांडणाचं मूळ पावसात आहे. टेमघरच्या पश्चिमेला ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पुणे शहरात तो सातशेवर येतो. दौंडला पोचेपर्यंत पाचशेच्याही आत. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये एवढा उतार. त्यामुळे पूर्वेकडच्या शेतकऱ्याला आपल्या रानावरच्या ढगापेक्षा पश्चिमेच्या डोंगरावरचा ढग महत्त्वाचा. त्यातही डोंगरावरचं सगळं पाणी पूर्वेला येत नाही. शेजारच्या मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात भिऱ्याला वीज करायला जातं. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते. आज पुण्याला पाणी कमी पडलं की त्याच मुळशीचं नाव निघतं.

मुठा घाट चढून मी दासव्याच्या बाजूला डोकावून आलो. वरसगावच्या फुगवट्याला लागून डोंगर कापून वसवलेलं लवासा तिथं आहे. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. रंगीत इमारतींच्या कडेनं पर्यटक फोटो काढत होते. शहराच्या पिण्याच्या धरणाच्या माथ्यावर नवं शहर बांधायला परवानगी कशी मिळते, हे समजायला तिथल्या काठावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं. जागा सुंदर आहे, आणि जागेचा कागद पाण्याच्या कागदापासून वेगळ्या कपाटात राहतो.

खडकवासल्याला रविवारी जाऊ नये. चौपाटीवर भाजलेली कणसं, कांदाभजी आणि सिंहगडावरून उतरणारी वाहनं यांत धरण दिसत नाही. मी मधल्या वारी गेलो, तेव्हा भिंत नीट पाहता आली. कॅप्टन फाइफ या इंग्रज अभियंत्यानं आखलेलं हे धरण १८७९ मध्ये पुरं झालं, म्हणून जलाशयाचं जुनं नाव लेक फाइफ. मुळात ते शेतीसाठी आणि लष्कराच्या छावणीच्या पाण्यासाठी. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी स्वतः आखलेले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा इथंच बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडत आणि उतरलं की मिटत. धरणाची उंची न वाढवता साठा वाढवण्याची ती युक्ती होती.

१२ जुलै १९६१ ला वर पानशेतचं काम पुरतं संपलेलं नसताना त्याचा मातीचा बांध फुटला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते फुटणं काही तास लांबवलं, म्हणून पाणी शहरात दिवसा आलं आणि पुष्कळ माणसं पळू शकली. त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठांतून उठलेल्या माणसांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पुणे नदीपासून दूर, टेकड्यांकडे सरकायला त्या पुरानं जोर दिला. जुन्या पुणेकराला विचारलं तर तो अजून 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी वर्षं मोजतो. नव्या पुणेकरानं मात्र नदीकाठी सदनिका घेतलेली असते, आणि नदीचा पूर कुठवर येऊ शकतो हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा त्यानं नकाशात पाहिलेली नसते.

भिंतीच्या खालच्या अंगाला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनची परंपरा असलेलं. देशभरातल्या धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती तिथं बांधून पाण्याचं वागणं तपासतात. अशी संस्था दाराशी असूनही धरणाच्या वरच्या गावांचं, रिसॉर्टांचं आणि फार्महाउसांचं सांडपाणी थेट फुगवट्यात उतरतं. त्याचा उपाय शोधायला प्रतिकृती लागत नाही. त्या गावांना मलनिःसारण केंद्रं लागतात, आणि त्यांचा खर्च कुणी करायचा हे ठरावं लागतं.

धरणापासून पर्वतीपर्यंत शहराचं पाणी बंद नळातून येतं. शेतीचं पाणी नव्या मुठा उजव्या कालव्यातून, शहराच्या पोटातून जातं. कालव्याचा काठ धरून चालायला मजा नाही, पण शिकायला पुष्कळ मिळतं. पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीच्या घरांच्या मागच्या भिंती जवळजवळ कालव्याला टेकल्या आहेत. २७ सप्टेंबर २०१८ ला इथंच भराव खचला आणि ऊन पडलेलं असताना दांडेकर पुलाच्या वस्तीत पूर आला. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असा खुलासा तेव्हा झाला होता. एका घराच्या दारात बसलेल्या मावशींना मी त्याबद्दल विचारलं. "घुशी काय, त्या आमच्या आधीपासनं हायत," त्या म्हणाल्या, "पाणी सोडताना बघायला माणूस पायजे का नको?"

आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा खणून हे पाणी जमिनीखालून न्यायचं चाललं आहे. गळती आणि बाष्पीभवन वाचेल, हे खरं. कालव्याखालची जमीन मोकळी होईल, तिच्यावर रस्ता करायचा की काय, याच्या कल्पनाही तयार आहेत. कालव्याकाठच्या लोकांचा हिशेब निराळा असतो. अभियंता ज्याला गळती म्हणतो, तीच काठाच्या विहिरींत आणि बोअरमध्ये उतरत असते. बोगद्याच्या हिशेबात हे पाणी वाचलेलं. विहीरवाल्याच्या हिशेबात गेलेलं.

आणि शहराची तहान वाढत जाणार, यात शंका नाही. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. गावं आली तेव्हा त्यांच्या जमिनी आधीच इमारतींखाली गेल्या होत्या आणि नळ अजून यायचे होते. पाणी कमी पडलं की उत्तर ठरलेलं आहे : पुढचं धरण. २०२१ पासून भामा-आसखेडचं पाणी पुण्याच्या पूर्व भागाला येतं; ते येण्याआधी धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं काम अडवलं होतं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला बंद नळातून न्यायला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला बौरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. पुण्यात शॉवर सोडताना हे आठवावं असं मी म्हणणार नाही. पण मंत्रालयात आठवायला हरकत नव्हती.

जमिनीचा एक निराळा प्रयोग हडपसरला दिसतो. शहर मगरपट्ट्याच्या वेशीवर आलं तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. एकेकानं बिल्डरला जमीन विकायची किंवा सरकारनं घेईपर्यंत थांबायचं. सुमारे १२० कुटुंबांनी, सतीश मगर यांच्या पुढाकारानं, तिसरी काढली. चारशेहून अधिक एकर एकत्र करून कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा भाग ठरवला. २००० मध्ये बांधकाम सुरू झालं. कालपर्यंत ऊस आणि भाजी लावणारी घरं भागधारक झाली, त्यांची पोरं तिथल्याच कामांची कंत्राटं घेऊ लागली. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटी याच रीतीनं झाली.

मगरपट्ट्याचं कौतुक मलाही आहे. गावच्या जमिनीचा पैसा गावच्या माणसांकडे राहिला, हे पुण्याच्या परिसरात विरळा. पण असे प्रयोग फार झाले नाहीत. मगर मंडळी एका भावकीची, जमिनी सलग आणि बागायती. जिथं भावकीत बांधावरून दावे चालू आहेत आणि गुंठ्या-गुंठ्यानं विक्री सुरू झाली आहे, तिथं एकत्र येणार कोण? शिवाय या प्रयोगात जमिनीची वाटणी झाली, पाण्याची झाली नाही. पाणी महापालिकेचं, म्हणजे पुन्हा खडकवासल्याचं.

वापरलेलं पाणी कुठं जातं, ते मुंढव्याला कळतं. तिथल्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून साडेसतरा नळीजवळ जुन्या कालव्यात सोडतात. हडपसरपासून खाली या कालव्याला सगळे बेबी कालवा म्हणतात. शहरानं धरणातलं जादा पाणी घ्यायचं आणि त्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीला द्यायचं, असा हा सौदा आहे. कागदावर तो मला पटतो. तेच पाणी दोनदा वापरण्याशिवाय या खोऱ्याला गत्यंतर नाही. प्रत्यक्षात बेबी कालव्याच्या काठी उभं राहिलं की नाकाला रुमाल लावावा लागतो. एका दादांनी कालव्याशेजारची आपली विहीर दाखवली. पाण्यावर तवंग होता. "ऊस येतो, झ्याक येतो," ते म्हणाले. "नायट्रोजन लागतच नाही वरनं. पण विहिरीचं पाणी जनावरालासुद्धा दाखवत नाय आता. प्यायला जारच."

हडपसरहून दिवे घाट चढून पुरंदरात गेलो. पाण्याच्या वाटेतलं हे वळण खरं तर आडवळण, पण ते टाळलं असतं तर प्रवास अर्धा राहिला असता. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे अभियंता-उद्योजक या तालुक्यातली दुष्काळी कामं पाहायला आले आणि इथंच राहिले. १९७४ मध्ये नायगावला देवस्थानची उजाड जमीन भाड्यानं घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव केला, विहीर काढली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडके आणि कडक होते. पाणी माणशी मोजायचं, माणसाला अर्ध्या एकराचं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली म्हणजे पाणी विकलं असं होणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

नायगावच्या माळावर उभं राहून मला राहून राहून वाटलं, की खालच्या मुठा खोऱ्याचा कायदा याच्या नेमका उलटा आहे. तिथं ज्याच्याकडे जमीन त्याचं पाणी, ज्याची जमीन कालव्याच्या तोंडाशी त्याचं आधी, आणि ज्याचा ऊस त्याचं सगळ्यात जास्त. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांचे नियम कठीण होते आणि सगळीकडे टिकले नाहीत. उपसा योजनांचं पाणी आल्यावर तर माणशी हिशेबाची निकड कुणाला वाटेनाशी झाली. पण जमीन आणि पाणी एकाच वहीत लिहिण्याचा या भागात झालेला एवढा सरळ प्रयत्न मला दुसरा माहीत नाही.

आज पुरंदरच्या पूर्वेला पाणी येतं ते कोरेगाव मूळजवळ मुळा-मुठेतून उचलून, पुरंदर उपसा योजनेतून. म्हणजे पुण्याचं वापरलेलं पाणी पंपांनी डोंगर चढून अंजीर आणि सीताफळाच्या बागांना मिळतं. ज्या माळाला कधी कुणी विचारलं नाही त्यावर बागा उभ्या राहिल्या, आणि त्याच भागात विमानतळ ठरला. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, खानवडी आणि शेजारची तीन, अशी सात गावं. पारगावच्या रस्त्याला अंजिराच्या पाट्या घेऊन बसलेल्या ताईंकडून मी फळं घेतली. विमानतळाचं काय, असं विचारल्यावर त्यांनी वजन करता करता उत्तर दिलं : "पाणी यायला तीस वर्षं लागली, दादा. बाग धरली, आन् लगेच नोटीस."

शिंदवण्याचा घाट उतरून उरुळी कांचनला परत नदीच्या बाजूला आलो. पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. संगमावर जलपर्णीचा हिरवा गालिचा इतका सलग होता की पाणी कुठलं आणि रान कुठलं ते कळेना. यवत, पाटस, सगळीकडे ऊस. कालव्याला आवर्तन चालू होतं; फाट्या-फाट्यावर पाटकरी दिसत होते आणि रात्रीच्या पाळीला दारं धरायला निघालेली माणसं. इंदापूरच्या टेलला पाणी पोचायला सुमारे दोनशे किलोमीटर कालवा कापावा लागतो. म्हणून 'टेल टू हेड' भरणं करा, शेवटच्या शेताला आधी पाणी द्या, अशी मागणी दर आवर्तनाला होते. वर चोरून सायफन टाकणारे ती हाणून पाडतात.

उजनी हा या सगळ्याचा तळ. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, खडकवासल्याच्या चारही धरणांच्या चौपट. पण त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं पाणी. म्हणून उजनीचा आकडा उन्हाळ्यात शून्याखाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली होता. सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी इथूनच जातं, आणि तिथं नळ रोज येत नाही. फुगवट्याच्या वरच्या टोकाला, कुंभारगावला, हिवाळ्यात रोहित येतात. होडीवाले हौशी छायाचित्रकारांना भल्या पहाटे पाण्यात घेऊन जातात. भिगवणच्या खानावळींत मासे चांगले मिळतात. चिलापी मुबलक आणि स्वस्त; जुन्या देशी जाती मासेमारांच्या जाळ्यात कमी येतात. मी चिलापी खाल्ली. खानावळवाल्यानं मी पुण्याहून आलो म्हटल्यावर हसून सांगितलं, की मग घरचंच आहे.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचं ठरवलं. हे पाणी उजनीचं नाहीच, पुण्यातून आलेलं सांडपाणी आहे, म्हणून सोलापूरच्या वाट्याला धक्का लागत नाही, अशी मांडणी होती. सोलापूर जिल्हा पेटला आणि काही आठवड्यांतच निर्णय मागं घ्यावा लागला. नदीतून वाहणारी घाण आजवर कुणाचीच नव्हती. ती पाणी म्हणून मोजली जाऊ लागल्याबरोबर तिला एक तालुका आणि एक जिल्हा मालक झाले.

पळसदेवच्या बाजूला पाणी बरंच मागं हटलं होतं. फुगवट्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि त्याच्या आसपास कलिंगडं आणि मका. हे गाळपेर. धरणात जमिनी गेलेल्यांपैकी काही जण उघड्या पडलेल्या गाळावर उन्हाळ्यापुरतं पीक घेतात. एका काकांनी आपलं रान दाखवलं, ते त्यांच्या वडिलांच्या बुडालेल्या शेताला लागूनच होतं. सोलापूरला उणे किती टक्के याची काळजी, काकांना तो आकडा जितका खाली तितकं रान जास्त. अडचण वेगळीच होती. पाणी जसं खाली जातं तशी मोटर पुढे न्यावी लागते आणि मागं पाइप आणि केबल जोडत राहावं लागतं. यंदा केबलचा भाव फार वाढला होता, आणि कलिंगडाचा दर पुण्याच्या बाजारात काय निघतो यावर सगळं ठरणार होतं. उद्या सकाळी गाडी भरायची होती, म्हणून ते बोलत उभे राहिले नाहीत.